डब्यातला धूर आणि तव्यावरची मशेरी



पालघर सोडले की उमरोळी येते आणि उमरोळीनंतर बोईसर. या टापूतल्या माणसाचे निम्मे आयुष्य आगगाडीत जाते असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ च्या एप्रिलात सुरू झाल्या, तेव्हापासून तर ते अधिकच खरे झाले आहे. या गाडीच्या डब्यात धूम्रपानाला मनाई करणारी पाटी असते. ती आपण रोज पाहतो आणि रोज पाहत असल्यामुळे वाचत नाही. आज मला त्या पाटीची हकीकत सांगावयाची आहे. कारण तंबाखूविषयी आपल्या देशात कायदे कसे मांडले गेले, कसे संमत झाले आणि कोठे अडून राहिले, हे समजून घेण्यास रेल्वेच्या डब्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

आपल्या या मार्गावरून मुंबई-सुरत गाडी १८६४ साली सुरू झाली. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, म्हणजे १८९० साली, हिंदुस्थानच्या रेल्वेचा कायदा झाला. त्याचे एकशेदहावे कलम असे की, धूम्रपानासाठी राखून ठेवलेल्या डब्याखेरीज अन्य डब्यात, सहप्रवाशांच्या संमतीवाचून जो कोणी विडी-चिरूट ओढील त्याला वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. बजावूनही न ऐकणाऱ्याला रेल्वेच्या नोकराने खाली उतरवावे. १८९० सालचे वीस रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे! मात्र या कलमात आरोग्याचा प्रश्न कोठेच नाही. धूर हा शेजाऱ्याला होणारा उपद्रव आहे आणि शेजाऱ्याची हरकत नसेल तर तो उपद्रवही नाही, एवढाच त्यातला विचार. तो शिष्टाचाराचा कायदा होता.

शंभर वर्षांनी, १९८९ साली, रेल्वेचा नवा कायदा झाला. त्यात धूम्रपानाचे कलम एकशेसदुसष्टावे. आता ते कलम म्हणते की, डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करू नये; दंड शंभर रुपयांपर्यंत. दोन्ही कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहा. १८९० साली ओढणाऱ्याने संमती मिळवावयाची होती, १९८९ साली न ओढणाऱ्याने हरकत घ्यावयाची. गाडी किंवा गाडीचा भाग संपूर्ण धूम्रपानमुक्त ठरविण्याचा अधिकार नव्या कायद्याने रेल्वेला दिला, हे खरे. तरीपण दोन माणसांमधला भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला तो गेलाच. ज्या शतकात तंबाखूचे दुष्परिणाम सिद्ध झाले त्या शतकाच्या शेवटी हे घडावे, याचे मला नवल वाटत आले आहे.

परंतु डब्यातल्या धुराची गोष्ट सांगताना मला दुसऱ्याच एका गोष्टीची आठवण होते. माझ्या आत्याने जन्मात विडीला हात लावला नाही. घरात पुरुषमाणूस विडी शिलगावू लागला की ती त्याला ओटीवर पिटाळीत असे. तिला स्वतःला लागत असे ती मशेरी. चुलीवर तवा ठेवायचा, त्यावर तंबाखूचे पान काळे पडेपर्यंत भाजायचे, ते चुरून डबीत भरायचे आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावायचे. तिच्या आईने तसेच केले होते. गालाच्या आतील बाजूस पांढरा चट्टा उठला तेव्हा तो दाताचा विकार म्हणून वर्षभर तसाच राहिला. परळच्या रुग्णालयात नेले तोवर फार उशीर झाला होता. हे १९८२ सालचे. त्या वेळी या देशात तंबाखूच्या धोक्याची सूचना देणारा कायदा लागू होऊन सहा वर्षे झाली होती. त्या कायद्यात माझ्या आत्यासाठी एक अक्षरही नव्हते. ते का नव्हते, हा आजच्या माझ्या बोलण्याचा खरा विषय आहे.

थोडे मागे जाऊ. तंबाखू आपली नव्हे. ती फिरंग्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तारापूर, केळवे-माहीम, वसई ही ठाणी १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती, तेव्हा आपल्या भागाला तिची ओळख फार उशिरा झाली असे मानण्याचे कारण नाही. विजापूरहून परतलेल्या असद बेगाने अकबराच्या दरबारात ती नेली, तेव्हा हकिमांनी हरकत घेतली होती. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखू ओढण्यास मनाई केल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. बादशहाची आज्ञा निघाली आणि तंबाखू पसरतच गेली. याच सुमारास इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने काय केले ते अधिक बोधप्रद आहे. १६०४ साली त्याने तंबाखूची निंदा करणारी एक पुस्तिका स्वतः लिहिली आणि त्याच वर्षी तंबाखूवरील जकात पौंडामागे दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. डाव्या हाताने निषेध व उजव्या हाताने वसुली! पुढील चारशे वर्षे निरनिराळ्या सरकारांनी हाच कित्ता गिरविला.

आपल्याकडे त्या वसुलीचा इतिहास निषेधाच्या इतिहासापेक्षा पुष्कळच मोठा आहे. मुंबई शहरापुरता तंबाखूवरील कराचा स्वतंत्र कायदा १८५७ सालीच झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९४३ साली सरकारने तंबाखूवर सर्व देशभर उत्पादनशुल्क बसविले. ते युद्ध संपल्यावरही राहिले. त्यानंतर राज्यघटना आली. सातव्या अनुसूचीत केंद्राने कशावर कायदे करावेत आणि राज्यांनी कशावर, याच्या याद्या आहेत. त्यांत तंबाखूचे नाव आढळते ते केंद्राच्या यादीत चौऱ्यायशीव्या क्रमांकाला, उत्पादनशुल्काच्या नोंदीत. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यांच्या यादीत आहे, परंतु तेथे तंबाखूचा नामोल्लेख नाही. २०१६ साली वस्तू व सेवा करासाठी घटनादुरुस्ती झाली, पुष्कळ जिनसा त्या नोंदीतून गळाल्या. खनिज तेलाच्या जोडीला तंबाखू मात्र तेथे राहिली.

दारूशी तुलना केली म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. दारू हा राज्याच्या यादीतील विषय. म्हणून १९४९ साली मुंबई राज्याला दारूबंदीचा कायदा करता आला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ साली बव्हंशी टिकला. ताडीचे झाड दारात असलेल्या आपल्या भागाने त्या कायद्याचे बरेवाईट सर्व अनुभवले आहे. राज्याच्या धोरणाची तत्त्वे सांगणारे घटनेचे सत्तेचाळिसावे कलमही मादक पेये व आरोग्याला अपायकारक मादक द्रव्ये यांच्याविषयी बोलते. तंबाखूचे नाव तेथे नाही. मोरारजीभाईंच्या राज्यात माणसाने पेला उचलला तर गुन्हा होता. चंची सोडली तर कोणी विचारीत नसे.

कोणी विचारीत नसे, असे म्हणताना एक अपवाद सांगितला पाहिजे. १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्याच्या एकशेसोळाव्या कलमाने सरकारी व सार्वजनिक इमारतींत, तशी सूचना लावलेली असेल तेथे, धूम्रपान करणे आणि थुंकणे हे दोन्ही दंडनीय ठरविले. म्हणजे खाण्याच्या तंबाखूची दखल कायद्याने घेतली, परंतु ती भिंतीवर पडल्यानंतर. तोंडात असेपर्यंत तिच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते.

आणि हे ज्ञानाच्या अभावी झाले असे म्हणावे तर तसेही नाही. परळला टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील रोगनिदानशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर, जे पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांनी डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह १९५५ साली इंग्लंडच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता, तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिकेच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध. ओढणे व चघळणे, हे दोन्ही शब्द शीर्षकातच होते. इंग्लंडात डॉल व हिल यांचा फुप्फुसाच्या कर्करोगावरील निबंध १९५० साली आला होता. म्हणजे आपण त्यांच्या मागे पाचच वर्षे होतो, आणि तोंडाच्या बाबतीत आपल्या रुग्णांकडे पाहून आपल्याच माणसांनी आपला प्रश्न मांडला होता. हा निबंध ध्यानात ठेवा. साठ वर्षांनंतर त्याची गरज पडणार आहे.

कायदा मात्र आपला प्रश्न पाहून झाला नाही. अमेरिकेत १९६४ साली शासकीय वैद्यकीय अहवाल प्रसिद्ध झाला आणि पुढल्या वर्षी सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा झाला. तो नमुना समोर ठेवून आपल्या संसदेने १९७५ साली सिगारेटविषयक कायदा केला आणि १ एप्रिल १९७६ पासून तो अंमलात आला. सिगारेट ओढणे प्रकृतीस अपायकारक आहे, एवढे एक वाक्य पाकिटावर आले, आणि तेही इंग्रजीत वाचण्याची सवय असलेल्या गिऱ्हाइकाच्या पाकिटावर. विडीच्या बंडलावर काही नाही, तंबाखूच्या पुडीवर काही नाही, मशेरीचा तर प्रश्नच नको. आपल्या देशात पांढरी सिगारेट ओढणारे थोडे, विडी ओढणारे व तंबाखू खाणारे पुष्कळ. थोड्यांना इशारा मिळाला.

विडीला वगळण्याचे कारण संसदेला ठाऊक नव्हते असे नाही. विडी ही लाखो घरांची भाकर आहे. सिन्नर, सोलापूर, भंडारा-गोंदिया या भागांत सूप मांडीवर घेऊन पानांत तंबाखू भरणाऱ्या बायांचे कित्येक संसार तिच्यावर चालत आले. त्यांच्यासाठी १९६६ साली संसदेने कामाच्या अटींचा कायदा केला आणि १९७६ साली त्यांच्या कल्याणनिधीसाठी विडीवर उपकर बसविला. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची जी हजारो घरांची वसाहत उभी राहिली तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. त्याच गोदूताई, ज्यांनी आपल्या डहाणू-तलासरीच्या वारली बांधवांना वेठीविरुद्ध उभे केले. निपाणीच्या बाजूला तंबाखू पिकविणारा शेतकरी भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरला आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तेव्हा तंबाखूविरुद्ध कायदा करावयाचा म्हणजे समोर नुसता कारखानदार नसतो. शेतकरी असतो, विडीवाली असते आणि सर्वांच्या मागे सरकारची तिजोरी असते. या अडचणीची मी थट्टा करणार नाही. विधिमंडळात बसलेल्या माणसाला तिचा विचार करावाच लागतो. परंतु विडीवालीच्या नावाने वाचले ते विडीच्या मालकाचे हित, आणि तिच्या स्वतःच्या छातीत जाणारा तंबाखूचा भुगा कोणत्याच चर्चेत आला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

असा पुढचा दरवाजा अडल्यावर मंडळींनी बाजूची दारे शोधली. १९९२ साली केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या कायद्याखाली दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ साली कायम ठेवली. १९९५ साली लोकसभेच्या उपविधान समितीने, म्हणजे कायद्याखाली सरकार जे नियम करते ते तपासणाऱ्या समितीने, इशारे अधिक कडक व सर्व तंबाखूसाठी हवेत अशी शिफारस केली. राज्यांपैकी दिल्लीने १९९६ साली कायदा केला. गोव्यात डॉ. शरद वैद्य या शल्यचिकित्सकाने या प्रश्नावर रान उठविले आणि १९९७ साली गोव्याच्या विधानसभेने धूम्रपान व थुंकणे या दोन्हींना प्रतिबंध करणारे विधेयक संमत केले. 'संमत केले' म्हणजे संपले असे नाही. अंतिम संमतीची वाट पाहता पाहता ते कायदा म्हणून नोंदले गेले तेव्हा १९९९ उजाडले होते. न्यायालयाचेही दार होतेच. मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानाला मनाई केली. डब्यातल्या पाटीमागे आता हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याची जरुरी उरली नाही.

याच सुमारास मोठे विधेयक संसदेपुढे होते. त्याचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण विधेयक मांडले की मते घेतली आणि कायदा झाला, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. मार्च २००१ मध्ये ते राज्यसभेत मांडले गेले. तेथून ते स्थायी समितीकडे गेले. अशा समितीपुढे डॉक्टर येतात, कारखानदार येतात, खात्याचे अधिकारी येतात. गाजावाजा नसतो, परंतु खरे घासणे-पुसणे तेथेच होते. दोन वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, सुषमा स्वराज आरोग्यमंत्री असताना, आधी राज्यसभेने आणि मग लोकसभेने ते संमत केले. १८ मे रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. आरोग्य हा राज्यांचा विषय, मग केंद्राने कायदा करावयाचा कसा? त्याचे उत्तर दुसऱ्या कलमात आहे: तंबाखूचा उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली असणे लोकहिताचे आहे, असे तेथे जाहीर केले आहे. केंद्राच्या यादीतील उद्योगांच्या नोंदीचा हात धरून आरोग्याचा कायदा आत आला. अठरा वर्षांखालील मुलास विक्री नाही, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नाही, जाहिरात नाही, आणि सर्व मालावर इशारा. सार्वजनिक जागी ओढणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड ठरला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याविषयीचे नवे नियम आले.

या कायद्याच्या शेवटी एक अनुसूची आहे. तीत कायदा कोणकोणत्या मालाला लागू आहे ते दिले आहे. पहिला क्रमांक सिगारेट, चौथा विडी, सहावा खाण्याची तंबाखू, नववा गुटखा. दहावा आणि शेवटचा: तंबाखू घातलेले दंतमंजन. अकरा वर्षांपूर्वी जे बनविण्यास बंदी केली त्याच्यावर इशारा छापण्याची ही तरतूद कशासाठी, असा प्रश्न एखादा वकील विचारील. मी तो विचारीत नाही. खानोलकरांच्या निबंधानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी का होईना, चघळणारे व घासणारे तोंड भारताच्या तंबाखूविषयक मुख्य कायद्यात आले, एवढे मी पाहतो.

गुटख्याची कथा महाराष्ट्राची स्वतःची आहे. आपल्या सरकारने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा बंद केला, तो अन्नभेसळीच्या १९५४ च्या कायद्याखाली, अन्नाधिकाऱ्याच्या आदेशाने. उत्पादक न्यायालयात गेले. घोडावत पान मसाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २००४ रोजी तो आदेश रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे असे की, अन्नाधिकाऱ्याचा अधिकार तात्कालिक प्रसंगापुरता आहे. एखादी वस्तू कायमची बंद करणे हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो त्या कायद्याने केंद्राकडे सोपविला आहे. तक्रार करण्याजोगे त्यात काही नव्हते. घाईने चुकीच्या दाराने गेल्याचे ते फळ होते. मग २००६ साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला आणि त्याखाली २०११ मध्ये केंद्राने एका ओळीचा नियम केला की, कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू व निकोटीन घालू नये. ती एक ओळ पुरली. २०१२ च्या एप्रिलात मध्य प्रदेशाने आणि जुलैत महाराष्ट्राने गुटखा बंद केला, आपल्याकडे पानमसालाही. परंतु हा आदेश एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून दरवर्षी तो नव्याने काढावा लागतो. विधानसभेत चर्चा होऊन कायदा झाला असता तर हे वार्षिक श्राद्ध करावे लागले नसते. आणि बंदी पाळली जाते काय? आपल्या स्थानकाच्या जिन्याचे कोपरे पाहून प्रत्येकाने आपले उत्तर द्यावे.

आता त्या निबंधाची पाळी. २०१४ च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढली की पाकिटाच्या पंच्याऐंशी टक्के भागावर चित्रमय इशारा हवा. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हावयाचा होता. विषय पुन्हा उपविधान समितीकडे आला. अध्यक्ष होते आपल्याच महाराष्ट्राचे, नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. समितीने अंमल लांबणीवर टाकण्यास सांगितले. तंबाखूने कर्करोग होतो हे दाखविणारे सर्व अभ्यास परदेशातील आहेत, भारतातला अभ्यास नाही, असे अध्यक्ष म्हणाल्याचे त्या मार्चमध्ये वृत्तपत्रांतून छापून आले. समितीतील एक सभासद स्वतः विडीच्या धंद्यातले होते, याचाही त्या वेळी बोभाटा झाला. वीस वर्षांपूर्वी ज्या समितीने इशारे कडक करा म्हटले होते, तीच ही समिती. आणि ज्या अभ्यासाची वाण आहे असे सांगितले जात होते तो परळला होऊन साठ वर्षे झाली होती! ग्रंथालयात जाऊन कोणी पाहिले असते तर बरे झाले असते. अखेर एक वर्ष उशिराने, १ एप्रिल २०१६ पासून, तो मोठा इशारा आला. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्द केला आणि पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

आपल्या विधिमंडळाने २००३ च्या कायद्यात स्वतः हात घातला तो २०१८ साली, आणि त्याला निमित्त झाले आगीचे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे मेली. हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखविले गेले. दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती संमत केली, केंद्राच्या कायद्यात राज्याने फेरफार करावयाचा म्हणून राष्ट्रपतींची संमती घेतली आणि ऑक्टोबर २०१८ पासून राज्यात हुक्का-पार्लर चालविणे हा एक ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा झाला. प्रेते दिसली की विधेयक वर्षाच्या आत पार पडते. तोंडाच्या कर्करोगाची प्रेते एका ठिकाणी, एका रात्रीत पडत नाहीत.

मध्यंतरी आठवड्याच्या बाजारात एका पथाऱ्यावर मी तंबाखूची सुटी पाने पाहिली. एक म्हातारी बाई पाने नाकाशी धरून निवडून घेत होती. मशेरीसाठी का, म्हणून विचारले. ती हसली आणि पान पदराखाली घेतले. त्या पानाला पाकीट नाही, म्हणून त्यावर चित्र नाही. ते कारखान्यातून आलेले मंजन नाही, तेव्हा अनुसूचीतला दहावा क्रमांक त्याला कसा लावावा हे कोणी सांगू शकणार नाही. ते घरी जाईल आणि तव्यावर पडेल.